विकायचे घर : रंगाआधी छप्पर, छपराआधी कागद

घर विकणे ही गोष्ट आपल्या लोकांत कुणी हौसेने करीत नाही. आजारपणाचे कर्ज डोक्यावर असते, भावांची वाटणी व्हायची असते, किंवा मुले परदेशी स्थायिक होऊन म्हातारी आईच तेवढी वाड्यावर उरलेली असते. अशा वेळी घर चांगल्या किमतीला जावे एवढीच इच्छा असते आणि हाती पैसा थोडा असतो. सल्ल्यासाठी येणाऱ्यांचा पहिला प्रश्न मात्र बहुधा एकच असतो : "फादर, कुठला रंग काढू?"

आमचे उत्तर असे की रंगाचा डबा तूर्त दुकानातच राहू द्यावा. शेत एका हंगामी बुडाले तर पुढल्या हंगामी पिकते. घर एकदाच विकले जाते. तेव्हा हाती असलेले चाळीस-पन्नास हजार रुपये कुठे घालावेत याचा विचार नीट झाला पाहिजे. पहिला पैसा कागदांवर, दुसरा पाणी अडवण्यावर आणि उरलेच तर तिसरा शोभेवर, असा क्रम आम्ही सुचवितो. पुष्कळ कुटुंबे नेमका याच्या उलट क्रम धरतात.

घर कुणाचे आहे?

हा प्रश्न ऐकून लोक हसतात. "आमच्या पपांचे," असे उत्तर येते. पपा वारून वीस वर्षे झालेली असतात, घरपट्टीची पावती आजोबांच्या नावावर, विजेचे बिल थोरल्या काकांच्या नावावर आणि फॉर्म एक व चौदामध्ये भलत्याच भाटकाराचे नाव असते. असे घर बाहेरून कितीही चकचकीत केले तरी जाणता गिऱ्हाईक त्याला हात लावणार नाही. जो लावील तो निम्म्या किमतीत मागेल.

आपल्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा आजही चालू आहे. लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मिळकत समाईक असते. म्हणून घर पतीच्या एकट्याच्या नावावर असले तरी विकताना पत्नीची सही लागतेच. पती वारला तर निम्मा हिस्सा पत्नीचा राहतो आणि उरलेला निम्मा मुलांना सारखा जातो. मुलगा-मुलगी असा भेद येथे नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीचाही त्यात वाटा आहे आणि बहुधा तिच्या नवऱ्याची सहीसुद्धा लागते. समजा, पेडण्याच्या एखाद्या वाड्यावर चार भावंडे आहेत व चौघेही विवाहित आहेत. आई हयात धरली तर खरेदीखतावर नऊ सह्या झाल्या. आठ मिळाल्या आणि एक राहिली, तर आठांचा उपयोग नाही.

वारस ठरवण्याचे काम खास नोटरीसमोर वारसा-दस्त करून होते. वाद असेल किंवा वाटणी हवी असेल तर न्यायालयात इन्व्हेंटरी करावी लागते. यासंबंधीचा गोव्याचा स्वतःचा कायदा २०१२ साली झाला व २०१६ च्या डिसेंबरपासून अमलात आला. वकिलाकडे जाण्याआधी घरी एक कोरा कागद घेऊन आजोबांपासून खाली सर्वांची नावे, जन्म, विवाह व मृत्यू लिहून काढावेत. या एका कागदाने वकिलाच्या चार फेऱ्या वाचतात.

नावांचा घोळ हा तर आपल्या ख्रिस्ती घरांतला नेहमीचा रोग आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत 'कायतानो', शाळेच्या दाखल्यात 'कायतान', आधारकार्डावर तिसरेच स्पेलिंग आणि वाड्यावर सगळे 'काजू' म्हणून हाक मारतात! बाप्तिस्मा, विवाह व मृत्यूचे दाखले पॅरिशच्या नोंदवहीतून मिळतात. नागरी नोंद तालुक्याच्या निबंधकाकडे असते. ही सर्व नावे एकाच माणसाची आहेत असे प्रतिज्ञापत्र वेळीच करून ठेवावे. पोर्तुगीज काळातील जुना दस्त हरवला असेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात शोध घेता येतो. ते दफ्तर सांभाळण्याची परंपरा १५९५ पासूनची आहे. दियोगु दु कोतो हे त्याचे पहिले रक्षक. चारशे वर्षे जपलेला कागद आपण आळसाने शोधू नये, हे काही बरे नव्हे.

भाऊ कुवेतला किंवा स्विंडनला असेल तर त्याने तिथून मुखत्यारपत्र पाठवावे. ते त्या देशाच्या रीतीप्रमाणे दूतावासात किंवा अपोस्टिल करून प्रमाणित झालेले हवे, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरले पाहिजे. पुष्कळांचे कागद याच एका मुदतीपायी निकामी होतात. मुखत्यारपत्र आपल्याच माणसाच्या नावे आणि याच एका घरापुरते द्यावे. दलालाला कधीही देऊ नये. "आई, तुम्ही एक सही द्या, बाकी सगळे मी बघतो," असे म्हणणारा गोड माणूस दारात आला की सावध व्हावे. मुखत्यारपत्रावर घर 'विकणे' म्हणजे मालकी देणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितले आहे.

हे भय काल्पनिक नाही. बंद पडलेली घरे व विखुरलेले वारस हेरून, बनावट जुने दस्त करून जमिनी लाटण्याचे प्रकार इतके वाढले की २०२२ साली सरकारला खास तपास पथक नेमावे लागले. निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एक-सदस्य आयोगही त्याच कामी नेमला गेला. कागद सरळ करणे हे म्हणूनच विक्रीची तयारी तर आहेच, शिवाय घराला लावलेले कुलूपही आहे. ऐनवेळी विक्री रद्द झाली तरी तो खर्च फुकट जात नाही.

आता जमिनीचे पाहू. फॉर्म एक व चौदा आणि सर्व्हे नकाशा काढून घरी टेबलावर पसरावा व शेवटच्या 'इतर हक्क' रकान्यापर्यंत वाचावा. तेथे मुंडकार किंवा कुळ म्हणून कुणाचे नाव आहे का? आपणच मुंडकार असू, तर १९७५ च्या मुंडकार कायद्याप्रमाणे घर व भोवतालची जमीन विकत घेण्याचा हक्क आपणास आहे. पंचायत क्षेत्रात ही मर्यादा ३०० चौरस मीटर आणि पालिका क्षेत्रात २०० चौरस मीटर आहे. हा हक्क मामलेदाराकडे पुरा करून घेतल्याशिवाय जमिनीसकट घर विकण्याची भाषा करू नये.

डिचोली तालुक्यातील मये गावची गोष्ट आणखी वेगळी. तेथील पुष्कळ जमीन मुक्तीनंतर 'निर्वासित मालमत्ता' म्हणून सरकारी ताब्यात गेली आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत असूनही कागदावर परकेच राहिले. २०१४ साली त्यासाठी कायदा झाला व पुढे सनदा देण्याचे काम सुरू झाले. मयेतील कुटुंबाने सनदेत काय अटी आहेत, विकण्यास परवानगी लागते का, हे आधी वाचावे. कोमुनिदादच्या जमिनीवरील घराचेही असेच. घर आपले, जमीन दुसऱ्याची असे असेल तर ते गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगावे.

घराला लागून भातशेत असेल तर तोही सौदा एकत्र करण्याची घाई नको. २०२३ च्या गोव्याच्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्यास विकण्यावर बंदी आणली आहे. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत वाहतुकीस खुला झाल्यापासून पेडण्यात मोटारीतून येणारे गिऱ्हाईक घरापेक्षा मोकळ्या शेताकडेच आधी बघते. त्याला हे सांगावे. आणि आम्ही म्हणू, घर विकले तरी शेत शक्य तो राखावे.

घेणारा कोण येणार?

कागद मार्गी लागले म्हणजे घरावर हात फिरवायचा. पण त्याआधी घेणारा कोण असेल याचा अंदाज घ्यावा, कारण त्यावर खर्च ठरतो.

मोरजी, मांद्रे, हरमलच्या बाजूला मुंबई-दिल्लीकडचे लोक जुने घर 'जुने' आहे म्हणूनच घेतात. त्यांना बाल्कांवाची दगडी बैठक हवी असते, शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी हवी असते, तांबड्या कोब्याची जमीन हवी असते. आणि आपण काय करतो? कर्ज काढून शिंपल्यांची खिडकी मोडतो व ॲल्युमिनियमची सरकती बसवितो. कोब्यावर चकचकीत टाइल्स घालतो. म्हणजे ज्या वस्तूचे पैसे येणार होते तीच पैसे देऊन फेकून देतो! अशा घरात खर्च जितका कमी तितकी किंमत अधिक. खिडक्यांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी, निखळलेला एखादा शिंपला सुतारकाम जाणणाऱ्याकडून बसवून घ्यावा, कोबा घासून त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवावा. एवढे पुरे.

डिचोली, साखळी, मये या बाजूला घेणारा बहुधा आपल्यासारखाच कुटुंबवत्सल माणूस असतो. त्याला त्याच घरात पुढल्या महिन्यापासून राहायचे असते. तो संडास कुठे आहे, विहिरीला मे महिन्यात पाणी किती असते, पावसात रिक्षा दारापर्यंत येते का, हे विचारतो. तेथे शोभेपेक्षा न्हाणीची फुटलेली जमीन दुरुस्त करणे आणि विजेची उघडी वायर बदलणे उपयोगी पडते. खाणपट्ट्यात वर्षानुवर्षे बसलेली तांबडी धूळ भिंतीवर असते. ती आधी ब्रशने व पाण्याने धुवून काढावी. धुळीवर मारलेला रंग पहिल्या पावसात पापुद्रे धरतो.

तिसरा घेणारा म्हणजे घर पाडून नवे बांधणारा. त्याला फक्त जमीन, रस्ता व झोनचा दाखला हवा असतो. त्याच्यासाठी घरावर एक पैसाही घालू नये.

येथे एक सावधगिरी. भारतीय वंशाच्या नसलेल्या व येथे कायम वास्तव्य नसलेल्या परदेशी नागरिकास रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय येथे घर विकत घेता येत नाही. किनाऱ्यावर असा गिऱ्हाईक भरमसाट किंमत बोलू लागला तर भुलू नये.

पाणी हाच घराचा शत्रू

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व त्यातला बहुतेक चार महिन्यांत. म्हणून घराची परीक्षा पावसाळ्यातच होते. शाकारणीचे काम एप्रिल-मेमध्ये उरकावे. पाडलेल्या घरांची जुनी मंगळुरी कौले मिळतात. ती नव्यापेक्षा स्वस्त असतात आणि जुन्या छपराच्या रंगाशी जुळतात. कौल बोटाच्या पेराने वाजवून घ्यावे. खणखणीत वाजले तर चांगले, बद्द वाजले तर आत तडा आहे. आढ्यावरची कौले आणि दोन छपरे मिळतात ती पन्हळ येथे सर्वांत जास्त गळते. पैसा थोडा असेल तर एवढेच भाग आधी करावेत. छपरावर झुकलेली फणसाची किंवा आंब्याची फांदी छाटावी. पाला पन्हळीत साचला की पाणी उलटे आत येते.

वासे व पाट्या पोखरल्या आहेत का ते स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहावे. वाळवीच्या मातीच्या नळ्या भिंतीवर दिसल्या तर त्या नुसत्या पुसून टाकू नयेत. त्या कुठून वर चढतात ते शोधावे. बहुधा भिंतीला टेकवून ठेवलेली लाकडे किंवा नारळाच्या झावळ्याच मूळ असतात. त्या आधी दूर कराव्यात. निरोगी लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची आपली जुनी पद्धत चांगली आहे. मात्र हे तेल कातडी भाजते, तेव्हा हातमोजे व जुने लांब बाह्यांचे कपडे घालावेत आणि मुलांना लांब ठेवावे.

पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या बुडाशी मुरू देऊ नये. घराभोवती हातभर लांब उथळ चर काढून उताराच्या दिशेने सोडून द्यावा. कुदळ घरची, मजूर आपणच. या एका बिनपैशाच्या कामाने खालची ओल जितकी कमी होते तितकी महागड्या रंगाने होत नाही.

मातीच्या किंवा चिऱ्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचे प्लास्टर करण्याचा मोह टाळावा. अशी भिंत ओल घेते आणि बाहेरही टाकते. सिमेंटने तिचा श्वास कोंडतो, ओल आत साठते व वर्षा-दोन वर्षांत प्लास्टर फुगून सुटते. तिला चुनाच मानवतो आणि चुना स्वस्तही आहे. एक किलो कळीच्या चुन्याला सुमारे पाच लिटर पाणी घ्यावे. चुना भिजताना उकळतो व उडतो, म्हणून लोखंडी पिंपात भिजवावा आणि डोळे सांभाळावेत. चोवीस तासांनंतर जाड कापडातून गाळावा. गाळलेल्या दहा लिटर दुधात ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालावा, म्हणजे हाताला पांढरे लागत नाही. चुन्याच्या किलोला तीन ग्रॅमपर्यंत नीळ पुरते. पातळ हात दोन द्यावेत, पहिला वाळल्यावर दुसरा. एकच जाड हात दिला तर तो सुटून येतो.

विहीर हे पुष्कळ घरांचे सर्वांत मोठे धन असते आणि सर्वांत दुर्लक्षितही. मे महिन्यात गाळ काढावा, काठ बांधून घ्यावा. नंतर पाणी शुद्ध करावे. विहिरीचा व्यास व पाण्याची खोली मीटरमध्ये मोजावी. व्यासाला व्यासाने गुणून, त्याला खोलीने, मग ७८५ ने गुणले की लिटर निघतात. दोन मीटर व्यास व तीन मीटर पाणी असेल तर सुमारे ९,४०० लिटर झाले. दर हजार लिटरला चांगली ताजी ब्लीचिंग पावडर अडीच ग्रॅम, म्हणजे येथे सुमारे २४ ग्रॅम लागेल. ती बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यावा. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीने विहिरीत सोडून हलवावी व तासभर पाणी उपसू नये. शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर दूर हवा. तो जवळ असेल तर गिऱ्हाइकापासून ते लपवू नये. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे, कुणाच्या तरी लहान मुलाचा जुलाब आहे.

लपवण्याविषयी आणखी एक शब्द. ओलीच्या डागापुढे कपाट सरकवून ठेवणे, पोखरलेल्या वाशाला नवा रंग फासणे हे प्रकार आम्ही पाहिले आहेत. ऑक्टोबरात झाकलेला डाग जूनमध्ये उघडा पडतो आणि मग भांडण पंचायतीपर्यंत येते. दोष सांगून किंमत थोडी उतरली तर उतरू द्यावी. उलट, शाकारणी चांगली झाली असेल तर गिऱ्हाइकाला मुद्दाम जुलैत घर दाखवावे. भर पावसात कोरडे घर पाहिलेला माणूस सहसा घासाघीस करीत नाही.

पैसे घेताना

किंमत ठरवताना एकाच दलालाच्या बोलण्यावर जाऊ नये. गेल्या दोन वर्षांत शेजारी जी खरेदीखते नोंदवली गेली त्यांची चौकशी करावी. दलाली किती व कोण देणार ते आधीच लिहून घ्यावे. सहमालक असेल तर बाहेरच्याला विकण्यापूर्वी त्याला लेखी विचारावे, कारण पहिल्या पसंतीचा हक्क त्याचा असतो.

विसार रोख घेण्याची जुनी सवय सोडली पाहिजे. २०१५ च्या जूनपासून घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेणे कायद्याने मना आहे आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच असतो. दंड घेणाऱ्याला होतो, म्हणजे आपल्याला. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर घेणारा एक टक्का आयकर कापून भरतो. त्याचा दाखला मागून घ्यावा. वारस परदेशी राहत असेल तर त्याच्या वाट्यातून कपात बरीच मोठी होते, म्हणून हिशेब आधीच हिशेबतपासनिसाकडून करून घ्यावा. साठेखतात मुदत, हप्ते व मुदत चुकल्यास काय, हे आपल्या भाषेत समजावून घेतल्याशिवाय अंगठा वा सही करू नये. सारी रक्कम बँकेत जमा झाल्याखेरीज किल्ली देऊ नये. खरेदीखत झाल्यावर घरपट्टी, वीज व पाणी नव्या मालकाच्या नावे झाल्याची प्रत घ्यावी, नाहीतर थकबाकीची नोटीस आपल्यालाच येते.

शेवटी एक गोष्ट, जी बहुतेक कुटुंबे किल्ली देण्याच्या दिवशीच आठवतात. अंगणातील खुरीस. देव्हाऱ्यातील चित्रे, तसबिरी आपण बरोबर नेतो. पण अंगणातल्या खुरसाजवळ वाड्यावरचे सगळे शेजारी वर्षातून एकदा लदिनीला जमत असतात. नवा मालक कुठल्याही धर्माचा असो, त्याच्याशी याविषयी विसाराआधी मोकळेपणाने बोलावे. त्याची हरकत नसेल तर तेवढी जागा, तिथवरची पायवाट व लदिनीचा दिवस खरेदीखतात शब्दांनी लिहून घ्यावा आणि नकाशावर दाखवावा. त्याची इच्छा नसेल तर वाड्यावरच्या लोकांना विचारून, खरेदीखत होण्यापूर्वीच, खुरीस दुसऱ्याच्या अंगणात किंवा चॅपेलाच्या आवारात हलवावा. चिऱ्याचा चौथरा असेल तर गवंड्याचे दोन दिवसांचे काम असते, आणि तेही पाऊस सुरू होण्याआधी झालेले बरे.